कंडक्टर भीमाशंकर आणि सुईच्या तोंडाचा पतंग

आमच्या वाडीत एकशे सत्तर घरं आहेत. त्यांतल्या एकशे साठ घरांवर गेल्या वर्षीपर्यंत गुळवेल चढलेली होती. ती कुणी हौसेनं लावली नव्हती. भीमाशंकर कोरे घरी येऊन लावून गेले होते.

भीमाशंकर एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, त्यातली बरीचशी लातूर-माहूर गाडीवर. लोकांना आपलं भलं कशात आहे ते कळत नाही, त्यांना मागून ढकलल्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत, हे त्यांचं मत या नोकरीत पक्कं झालं. त्यांच्या गाडीत एकही माणूस फुकट बसला नाही. एकदा त्यांच्या सासूबाई लेकीकडं येताना चुकून त्यांच्याच गाडीत चढल्या. भीमाशंकरांनी वाकून नमस्कार केला, तब्येत विचारली आणि तिकीट फाडलं. त्यांच्या पत्नी नागुबाई ही गोष्ट अजून सांगतात आणि दर वेळी आपल्या आईचा प्रवास दहा-वीस किलोमीटरनं वाढवतात.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते आजारी पडले. लातूरच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. परत आले ते निम्मे होऊन, पण आवाज पूर्ण घेऊन. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी जाहीर केलं की आपल्याला गुळवेलीच्या काढ्यानं वाचवलं. नागुबाई लातुरात नातेवाइकांकडं राहून रोज काढ्याची बाटली दवाखान्याच्या दारापर्यंत न्यायच्या आणि आतला शिपाई ती त्यांना द्यायचा. या बाटलीला त्यांनी सगळं श्रेय दिलं. डॉक्टरांना थोडंसुद्धा दिलं नाही. ऑक्सिजनचं तर नावही काढलं नाही.

गाड्या सुरू झाल्या तसे ते पहिल्या गाडीनं माहूरला गेले आणि घाटातल्या जंगलातून पोतंभर गुळवेल तोडून घेऊन आले. आमच्या चाकूर तालुक्यात गुळवेल मिळत नव्हती असं नाही. पण बांधावरची गुळवेल त्यांना चालेना. "बाई, जंगलातली ती जंगलातली," ते मला म्हणाले; मी त्यांची शेजारीण, गावच्या शाळेत शिकवायचे म्हणून सगळ्यांची बाई. "हितली म्हंजे हाप तिकीट."

मग वाटप सुरू झालं. जुन्या चामडी बॅगेत गुळवेलीच्या वीतभर कांड्या भरून ते सकाळी निघत. गुळवेलीला लावायला खड्डा लागत नाही. कांडी झाडाला नुसती बांधून ठेवली तरी तिला दोऱ्यासारखी मुळं फुटतात आणि ती हवेतून लोंबत जमिनीपर्यंत येतात. त्यामुळं कुणी नको म्हटलं तरी भीमाशंकर सुतळीनं कांडी त्याच्या फाटकाला बांधून पुढच्या घरी जात. माझ्या शेवग्यावर त्यांनी मी शाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडं नांदेडला गेले असताना वेल चढवली. काढा फार थोड्यांनी प्यायला, कारण तो कडू असतो. पण वेल कुणी काढली नाही. फुकट आलेली वस्तू आमच्या गावात काढून टाकत नाहीत.

सगळ्यात देखणी वेल अर्थातच त्यांच्या स्वतःच्या शेतात होती. दोन एकर मोसंबी, आणि तिच्या बांधावर बावीस लिंबाची, म्हणजे कडुनिंबाची, झाडं. लिंबावरची गुळवेल सर्वात गुणाची असं मानतात, म्हणून बावीसच्या बावीस लिंबांवर त्यांनी ती चढवली. तीन पावसाळ्यांत ती इतकी माजली की खालून बघितलं तर लिंब कुठला आणि वेल कुठली ते कळायचं नाही.

मोसंबी मात्र नागुबाईंची. भीमाशंकर जेव्हा माहूरच्या वाटेवर सुट्टे पैसे मागत होते तेव्हा नागुबाईंनी एकटीनं दोनशे चाळीस रोपं लावली होती. पाणीटंचाईच्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी डोक्यावर घागरी आणून ती जगवली. कुठलं झाड कितव्या ओळीत आहे आणि कुठल्या वर्षी मरता मरता वाचलं ते त्या डोळे मिटून सांगतात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच बाग भरून लागली होती. लातूरचे फळांचे व्यापारी जिलानी बागवान श्रावणाच्या शेवटी येऊन बघून गेले होते. तीन पिढ्यांचा त्यांचा धंदा. फळाला अंगठा लावून आतलं सांगतात. "काकू, माशाल्ला," असं म्हणून ते गेले होते आणि नागुबाई आठवडाभर जमिनीपासून दोन बोटं वर चालत होत्या.

त्यानंतर पंधरा दिवसांत फळ गळायला लागलं.

रोज सकाळी झाडाखाली दहा-वीस मोसंब्या पडलेल्या असत. वरून चांगल्या, एका जागी फक्त टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्याभोवती तपकिरी डाग. दुसऱ्या दिवशी तो डाग रुपयाएवढा होई आणि आंबूस वास येई. जिलानी पुन्हा आले. एक फळ उचललं, अंगठा लावला आणि खाली ठेवलं.

"काकू, ह्याला कुणीतरी सुई मारलीय."

"सुई? कोण मारंल?"

"ते मला काय ठाऊक. पण असला माल गाडीत भरला तर लातूर येईपर्यंत सगळी गाडी खराब होईल. दिवाळीच्या आधी आठ दिवस येतो मी. झाडावर जेवढं चांगलं राहील तेवढं उचलतो. न्हाई राहिलं तर माफी द्या."

सुई हा शब्द भीमाशंकरांना पुरला. त्यांनी त्याच दिवशी तपास हाती घेतला. बागेशेजारून पायवाट जाते. तिथं ते उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासू लागले. गवताचे भारे सोडायला लावले. शाळेतून येणाऱ्या एका मुलीच्या कंपासपेटीतलं कर्कटक त्यांनी जप्त केलं, तर संध्याकाळी तिची आई भांडायला आली. तिनं जे शब्द वापरले ते मला लिहिता येणार नाहीत, पण त्यातला एकही चुकीचा नव्हता.

तपासात काही निघालं नाही तेव्हा भीमाशंकर निदानावर आले. मोसंबीची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे! दोन दिवस त्यांनी परसात तांब्याच्या घंगाळात गुळवेल उकळली. थंड करून, गाळून, पाठीवरच्या पंपात भरली आणि चाळीस झाडांवर काढा फवारला.

"अवो, झाडाला ताप आलाय का?" नागुबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला काय कळंना झालंय. तुम्ही पाजा. पथ्य काय सांगायचं त्या झाडाला, तेवढं सांगा. तेल बंद का?"

काढा प्यायलेल्या चाळीस झाडांची फळं बाकीच्यांइतकीच गळली. भीमाशंकरांचं म्हणणं पडलं की काढ्यामुळं ती जास्त गळायची वाचली.

नागुबाईंनी मग त्यांना न विचारता लुंबिनीला फोन केला. लुंबिनी सोनकांबळे आमच्या भागाची कृषी सहायक. माझ्याच वर्गात शिकली. प्रश्न विचारला की आधी खिडकीबाहेर बघायची आणि मग बरोबर उत्तर द्यायची. आता खिडकी नसली तरी ती कुठंतरी लांब बघूनच बोलते. बागेत येऊन तिनं पडलेलं एक फळ उचललं आणि भीमाशंकरांच्या दिशेनं धरून दाबलं. भोकातून बारीक चिळकांडी उडाली आणि त्यांच्या सदऱ्यावर बसली.

"काका, आत पोकळ झालंय. रस ओढून घेतलाय कुणीतरी."

"तेच म्हणायलो मी. सुई."

"हाव, सुईच. पण ती हातात धरलेली न्हाई, तोंडाला लावलेली हाय. आज दिवे लागायच्या टायमाला दाखवते."

त्या संध्याकाळी आम्ही चौघं बागेत गेलो. लुंबिनीनं बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद बांधला होता. अंधार पडायला लागला तसा तिनं तो उजेड फांद्यांवरून हळूहळू फिरवला. एका फळाजवळ दोन ठिणग्या दिसल्या. पुढं आणखी दोन. मग ज्या झाडावर उजेड टाकावा त्या झाडावर, निखारे फुंकावेत तसे, डोळेच डोळे. नागुबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

लुंबिनीनं मच्छरदाणीच्या कापडात एक पतंग पकडून आणला. पंख मिटलेले असताना ते एक वाळकं पान होतं, मधल्या शिरेसकट. तिनं काडीनं वरचा पंख बाजूला केला, तर खाली झेंडूसारखा नारिंगी पंख आणि त्यावर काळी चंद्रकोर. एवढा देखणा चोर मी पाहिलेला नाही. तोंडाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड. बाकीच्या पतंगांची सोंड फुलातला मध ओढण्यापुरती मऊ असते. याची टोकाला टणक आणि बारीक दात असलेली. मोसंबीची जाड साल ती सहज भेदते.

लुंबिनीनं सांगितलं, हा पतंग मूळचा रानातला. माहूर-किनवटच्या जंगलात भादवा ते कार्तिक हेच त्याचे दिवस. पाऊस उघडतो, रानातली वेली-झुडपं पानांनी गच्च होतात, अळ्यांना खायला मिळतं आणि त्यांचे पतंग होऊन संध्याकाळी उडू लागतात. रानात उंबर पिकतात, इतर फळं पिकतात, त्यांना हा भोकं पाडतो. तिथं त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही, कारण ती फळं कुणी मोजून ठेवलेली नाहीत. पण हे पतंग उडायला दमदार. पिकत्या फळाच्या वासावर कितीतरी अंतर कापतात.

"आपल्या जिल्ह्यात कुठं आलं जंगल?" भीमाशंकर म्हणाले. ते खरंच आहे. आमच्या जिल्ह्यात जंगल नावाला आहे. "मग हे आले कुठून?"

लुंबिनीनं जरा वेळ अंधारात बघितलं. "काका, ह्याला जंगल लागत न्हाई. ह्याच्या अळीला गुळवेल लागते."

 बांधावरचे बावीस लिंब अंधारात नुसते काळे ढीग दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनीनं त्या वेलीची पानं उलटायला सुरुवात केली, आणि पाचव्या पानाखाली अळी निघाली. बोटाएवढी, मखमली, काळपट. तिला हात लावला की ती मान पोटाखाली खुपसते, शेपटाकडची बाजू उभारते आणि अंगावरचे दोन मोठे डोळ्यांसारखे ठिपके समोर करते. डोळे खोटे असतात. पाखराला वाटतं साप बघतोय. खरं तोंड तेव्हा सुरक्षित लपलेलं असतं. ही अळी बघितल्यावर मला भीमाशंकरांचा स्वभाव जितका समजला तितका गेल्या वीस वर्षांच्या शेजारात समजला नव्हता.

कारण भीमाशंकर त्या अळीला चांगले ओळखत होते. तीन वर्षं ती त्यांच्या वेलीवर होती. गुळवेल न्यायला लांबून माणसं येत, तेव्हा ते त्यांना मुद्दाम या अळ्या दाखवत. अळी लागते म्हणजे वेल अस्सल, फवारणी नाही, हा त्याचा पुरावा. "माझ्या अळीला कधी सर्दी झालेली बघितली का?" असं ते विचारत, आणि लोक नाही म्हणत, कारण खरोखरच कुणी बघितलेली नव्हती.

"ही अळी? ही?" ते आता म्हणाले. "मॅडम, ही मोसंबीला तोंड लावत न्हाई. थांबा." त्यांनी अळी उचलून मोसंबीच्या पानावर ठेवली. अळी पानाच्या कडेला गेली, खाली वाकून बघितलं, परत फिरली आणि देठावरून चालती झाली. "बघा. निर्दोष."

"लहानपणी लावत न्हाई, काका. मोठं झाल्यावर लावते."

"लहानपणी कडू खायचं आणि मोठेपणी गोड? असं कधी असतंय का?"

"काढा पाजून वाढवलेल्या तुमच्या नातवंडांचं तसंच होणार हाय," नागुबाई म्हणाल्या.

लुंबिनीचं म्हणणं सरळ होतं. वेलीवरच्या या अळ्या दसऱ्याच्या सुमाराला पतंग होतील. जिलानी यायच्या आधीचे दोन आठवडे नेमके त्यांचे. संध्याकाळी धूर करा, पडलेलं फळ पुरून टाका, आणि वेल आजच्या आज तोडा.

भीमाशंकरांनी पुरावा मागितला. ज्या माणसानं एकतीस वर्षं प्रत्येकाकडं तिकीट मागितलं त्याच्याकडून दुसरं काही मागितलं जाणं शक्य नव्हतं. "एक अळी बाटलीत ठिवायची. तिचा पतंग झाला, आणि त्यानं माझ्या डोळ्यांसमोर मोसंबीला भोक पाडलं, तर तोडतो."

"आणि तवर माझं फळ?" नागुबाईंनी विचारलं.

"चौकशी झाल्याशिवाय कारवाई करता येत न्हाई."

बाटली तटस्थ जागी राहावी म्हणून माझ्या ओसरीवर ठेवायचं ठरलं. लुंबिनी अळी बदलेल असा त्यांना संशय होता, म्हणून झाकणाच्या कापडाला त्यांनी स्वतः दोरा बांधला आणि गाठीवर लाख लावली. मग लक्षात आलं की अळीला पानं घालायला झाकण रोज उघडावं लागणार. तेव्हा रोज सकाळी ते कोवळी पानं घेऊन यायचे, लाख फोडायचे, पानं घालायचे आणि पुन्हा लाख लावायचे. दोन-तीन दिवसांत त्यांचा जीव तिच्यात अडकला. पानं पुसून आणू लागले. "कालच्यापेक्षा भरलीय न्हाई का, बाई?" स्वतःविरुद्धच्या साक्षीदाराला इतक्या मायेनं पोसणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आणि रोज संध्याकाळी बागेच्या कडेनं नागुबाई ओलं गवत आणि गोवऱ्या पेटवून धूर करत फिरत. डोळे लाल, केसांना धुराचा वास. सकाळी पडलेली फळं टोपलीत गोळा करून खड्ड्यात पुरत. एक दिवस मी मदतीला गेले, तेव्हा त्या एका झाडापाशी थांबल्या. "ही दुसऱ्या उन्हाळ्यात गेलीच होती. भांडी घासलेलं पाणी घालून वाचवली," म्हणाल्या, आणि तिच्याखालची अकरा फळं उचलली. नवऱ्याबद्दल त्या दिवशी एक शब्दही बोलल्या नाहीत, त्यावरून मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

नवव्या दिवशी अळीनं दोन पानं रेशमानं एकमेकांना चिकटवली आणि आत दिसेनाशी झाली. भीमाशंकर घाबरले. "आजारी पडली काय?" लुंबिनीनं फोनवर सांगितलं की कोष केलाय. मग ते रोज येऊन नुसते बाटलीकडं बघत बसू लागले, हलक्या आवाजात बोलत, जणू आत बाळ झोपलंय.

आणखी बारा दिवस गेले. दसऱ्याच्या दोन दिवस आधी सकाळी उठून बघते तर बाटलीत एक वाळकं पान लोंबत होतं, आणि मी तर वाळकं पान आत टाकलेलं नव्हतं. सगळ्यांना निरोप पाठवला.

भीमाशंकरांनी चष्मा पुसून पुसून बघितलं. "हा तो न्हाई. हा साधा हाय."

लुंबिनीनं कापडावरून टिचकी मारली. वाळकं पान उघडलं, आत झेंडू. भीमाशंकर खाली बसले.

संध्याकाळी बाटलीत एक पिकलेली मोसंबी ठेवली आणि आम्ही ओसरीवर दिवा बारीक करून वाट बघत राहिलो. पतंग एकदा थरथरला, चालत फळावर आला, सोंड उलगडली. टोक सालीवर इकडं-तिकडं फिरवलं, एका जागी टेकवलं आणि डोकं मागं-पुढं हलवत हलवत सोंड निम्मी आत घातली. भीमाशंकरांचं नाक बाटलीला टेकलं होतं.

"कसं सरळ गेलं," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं. ते त्यांना लपवता आलं नाही.

"आता?" नागुबाईंनी विचारलं.

भीमाशंकरांनी बाटली बाजूला सारली. मग त्यांनी खरं तोंड लपवलं आणि ठिपके पुढं केले. "पतंगाचं ठीक हाय. पण त्या वेलीनं मला माघारी आणलंय. दवाखान्यात माझ्या दोन्ही बाजूंची माणसं गेली, नागू. मी त्या बाटलीवर राहिलो. फळ काय, पुढच्या साली येईल. ज्या वेलीनं जीव वाचवला तिच्यावर मी कोयता चालवू?"

  लुंबिनीनं लांब बघितलं.

नागुबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "त्या बाटलीत चहा होता."

"काय?"

"कोरा चहा. पहिल्या दिवशी तुमचा काढा त्या शिपायानं माघारी आणला. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं औषध आत येऊ द्यायचं न्हाई, चहा चालंल. तुम्ही तर काढा आण म्हणून चिठ्ठी पाठवलेली. मग मी कोरा चहा करून आणला. तुम्हाला साखर चालत न्हाई, म्हणून बिनसाखरेचा. तुम्ही म्हणाला, आज लई गुणाचा झालाय. मग अकरा दिवस तेच."

"कडू होता की."

"मी मुद्दाम जास्त उकळायची."

बाटलीतल्या पतंगाच्या पायांची खरखर चालू होती.

"तीन वर्षं झाली," भीमाशंकर म्हणाले. "तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही घरी आलाव, मला तेवढं बास होतं. पायरी चढल्या चढल्या बडबड सुरू केली तुम्ही. म्हटलं, बोलू द्या. बोलायला लागलाय म्हंजे आता कुठं जात न्हाई." त्या दाराकडं वळल्या. "म्या तुमचं माणसांत नाव राहू दिलं. आता तुम्ही माझं फळ राहू द्या."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला भीमाशंकर कोयता घेऊन लिंबांवर चढले. बावीस झाडं मोकळी करायला दोन दिवस लागले. वेल खाली ओढताना ती लोंबती मुळं तुटत होती आणि ते प्रत्येक वेळी "आय गं" म्हणत होते. तोडलेली वेल अळ्यांसकट खड्ड्यात गेली. लुंबिनी बघायला आली तेव्हा तिनं मान हलवली आणि गावाकडं बोट केलं. एकशे साठ घरांवर तीच वेल होती. बागेपासून ती कितीही दूर असली तरी पतंगाला तेवढं अंतर म्हणजे अंगणातून ओसरी.

इथून भीमाशंकरांच्या आयुष्यातला अवघड प्रवास सुरू झाला. ज्या दारांत त्यांनी नको म्हणणाऱ्याला वेल बांधली होती, त्याच दारांत ते आता ती काढू द्या म्हणून उभे राहिले, आणि लोक काढू देईनात. किराणा दुकानाच्या शिवकुमारनं तीन वर्षांत काढ्याचा एक घोट घेतला नव्हता. त्यानं हात जोडले. "मामा, ह्या वेलीनं आमचं घर वाचलंय. लक्ष्मी हाय ती. तिला हात लावू नका." तिसऱ्या घरी म्हातारीनं वेलीला हळद-कुंकू वाहिलेलं होतं. चौथ्या घरी विचारलं की नवीन जातीची कांडी आली का, तर जुनी काढू.

पाच घरं झाल्यावर भीमाशंकर परत आले आणि माझ्या पायरीवर बसले. माझा शेवगा त्यांनी आधी मोकळा केला, न विचारता. मग म्हणाले, "बाई, मी खोटं बोललो असं सांगावं लागंल."

"तुम्ही खोटं कुठं बोललात? तुम्हाला माहीतच नव्हतं."

"ज्याला तिकीट दिलं त्याला चुकीच्या गाडीत बसवलं म्हंजे काय झालं मग?"

ते उठले आणि शिवकुमारच्या दुकानासमोर, गिऱ्हाईक असताना, कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "ऐका हो सगळे. मी काढा पिऊन बरा झालो न्हाई. मी कोरा चहा पिऊन बरा झालो. आमच्या मंडळींनी पाजला. खात्री करायची तर घरी जाऊन इचारा." मग पुढच्या आळीत जाऊन तेच. मग त्याच्या पुढच्या. एकशे साठ घरांत ते हे वाक्य जवळजवळ एकशे साठ वेळा बोलले. शेवटी शेवटी त्यात "बिनसाखरेचा" हा शब्दही घालू लागले, कारण लोक विचारायचेच.

गाव हसलं. आमचं गाव हसायला मिळालं तर काम सोडतं. स्टँडवरच्या हॉटेलात त्यांना चहा विचारताना पोऱ्या "चहा पाहिजे की काढा?" म्हणतो, वेताळाच्या पारावरची मंडळी खोकला आला की "कंडक्टरला बोलवा, चहा टाकायचाय" म्हणतात. ज्या माणसासमोर तीन वर्षं लोक उठून उभे राहत होते, त्याला बघून आता ते हसू लपवायला पिशवी तोंडावर धरतात. पण हसता हसता लोकांनी वेली तोडल्या. दसरा होऊन आठवडा झाला तेव्हा एकशे एकतीस घरं मोकळी होती. शिवकुमारनं लक्ष्मी ठेवली. म्हातारीनंही ठेवली, आणि तिच्याकडं भीमाशंकर दुसऱ्यांदा गेले नाहीत.

पतंग संपले असं नाही. धुराच्या वासातून, वाऱ्यावरून, ते येतच राहिले. लुंबिनीच्या लाल उजेडात पहिल्या दिवशी ज्या झाडावर वीस-पंचवीस डोळे होते तिथं आता दोन-चार असत. ती मोजून वहीत लिहायची. नागुबाईंच्या धुराच्या फेरीत भीमाशंकर आता दुसऱ्या टोकाकडून निघायचे. मध्ये भेटायचे तेव्हा दोघंही खोकत असायचे.

जिलानी दिवाळीच्या आधी नवव्या दिवशी आले. ओळीओळीतून फिरले. अंगठा लावत गेले. चांगलं उरलेलं फळ निम्म्याहून थोडं कमी, असा त्यांनी अंदाज सांगितला. निम्म्याहून थोडं जास्त फळ गेलं होतं. नागुबाईंनी ऐकून घेतलं.

"जे हाय ते चांगलं हाय, काकू," जिलानी म्हणाले. "गोड हाय. उचलतो मी."

"तोडायला माणसं आणलीत?"

"चार आणलीत. तुमच्याकडची कोण हायेत?"

नागुबाईंनी मागं बघितलं. भीमाशंकर बांधावर उभे होते. मोकळ्या झालेल्या लिंबांच्या सावलीत, हात मागं बांधून. बाग लावल्यापासून त्यांनी एक फळ तोडलेलं नव्हतं. नागुबाईंनी कमरेची कात्री काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"मी?"

"मग काय बांधावर उभं राहून शिट्टी मारणार?"

त्यांनी कात्री घेतली. पहिल्या झाडाखाली वाकले, सर्वात मोठी मोसंबी हातात धरली, बराच वेळ बघितली, एकीकडनं फिरवली, दुसरीकडनं फिरवली, कुठं भोक नाही ना याची खात्री केली, आणि मग कात्री बाजूला ठेवून ती पिळून ओढली. फळाबरोबर सालीचा तुकडा निघून आला.

"अवो!" नागुबाई तीन ओळी पलीकडून ओरडल्या. "देठ ठिवून कापायचं असतंय! ओढायला काय घंटीची दोरी हाय ती?"

जिलानींची माणसं हसली. भीमाशंकरांनी ती मोसंबी गुपचूप खिशात घातली आणि दुसरीला कात्री लावली.